सकाळची नाडी मोजायची कशी आणि वाचायची कशी

जाग आली की लगेच उठू नका. गजराने दचकून जागे झाला असाल तर दोन मिनिटं तसेच पडून राहा. मग डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली, उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवा. अंगठा वापरायचा नाही, कारण त्याची स्वतःची नाडी उडते आणि तीच मोजली जाते. ठोका लागत नसेल तर बोटं थोडी सरकवा, जोर वाढवू नका. दाबली की धमनी मिटते. घड्याळ सुरू करताना जो ठोका लागेल त्याला शून्य म्हणा आणि पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, तर एक ठोका चुकला की उत्तर चारने चुकतं, आणि इथे सगळा हिशोबच तीन-चार ठोक्यांचा आहे. लघवीला जायचंच असेल तर जाऊन या आणि पुन्हा पाच मिनिटं आडवे व्हा. चहा त्यानंतर.

असे पंधरा दिवस आकडे लिहा, चढत्या क्रमाने लावा. आठवा आकडा म्हणजे तुमचा पाया. सरासरी काढू नका. तापाचा एखादा दिवस सरासरीला ओढून नेतो, मधल्या आकड्याला नाही.

हा पाया शेजाऱ्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. मोठ्या माणसाचे विश्रांतीतले ठोके ६० ते १०० असले तर सामान्य धरतात, म्हणजे पट्टा चांगलाच रुंद आहे. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर रोज बरोबरीने चालणाऱ्या दोघांत जन्मजात दहा ठोक्यांचा फरक असू शकतो. बघायचं ते एवढंच, की तुमचा आकडा मागच्या तिमाहीपेक्षा कुठे सरकला.

व्यायामाने तो खाली का सरकतो? विश्रांतीत शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त लागतं. एका ठोक्याला ७० मिलिलिटर बाहेर पडत असेल तर त्यासाठी ७०-७२ ठोके हवेत. नियमित दमसासाच्या व्यायामाने रक्तातला द्रव वाढतो, हृदयाचा डावा कप्पा जास्त भरतो. ठोक्याला १०० मिलिलिटर जाऊ लागलं की ५० ठोक्यांत तेच काम होतं. शिवाय हृदयाला संथ ठेवणाऱ्या व्हेगस नसेचा पगडा वाढतो. याला महिने लागतात. पंधरवड्यात दहा ठोके उतरले तर आधी मोजण्याच्या पद्धतीवर शंका घ्या.

गोव्यात या आकड्याला ऋतू असतात, आणि ते न ओळखल्यामुळे माणसं उगाच खचतात. मे महिन्यात दमटपणामुळे घाम सुकत नाही, शरीर थंड ठेवायला कातडीकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, त्यात पाणी कमी पडलेलं असतं. ठोके चढतात. म्हणून जानेवारीचा आणि मेचा पाया वेगळा लिहा. रात्री हुर्राक (काजूची दारू) झाली असेल तर सकाळी आकडा वर दिसेल. चवथीच्या दिवसांत उशिरापर्यंत आरत्या आणि जागरण असलं तरी तसंच. वहीत शेजारी एक शब्द लिहून ठेवा: झोप, दारू, ताप. जूनमध्ये पावसाने चालणं बंद पडून दोन-तीन आठवडे गेले की कमावलेलं परत जाऊ लागतं, तेव्हा घरातला जिना किंवा लांब व्हरांडा सोडू नका.

कारण सापडत नाही आणि सलग दोन-तीन सकाळी आकडा पायापेक्षा पाच-सात वर आहे, तर त्या दिवशी फर्मागुडीचा चढ नको. सपाटीवर सावकाश चाला. बहुतेकदा थकवा मुरलेला असतो किंवा आजार येत असतो. तापात दर अंश सेल्सिअसला साधारण दहा ठोके वाढतात. मात्र टायफॉइडसारख्या काही तापांत ते त्या मानाने वाढत नाहीत, तेव्हा नाडी संथ आहे म्हणून ताप किरकोळ समजू नका.

स्मार्ट घड्याळ चालेल, पण बोटांच्या आकड्यांत त्याचे आकडे मिसळू नका. कुणी झोपेतला नीचांक दाखवतं, कुणी बसलेल्या वेळचा. घड्याळ बदललं की पाया नव्याने काढा. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि नीट बसलेला हवा. समुद्रावरून आल्यावर मागची काच पुसा, मीठ आणि सनस्क्रीनचा थर घड्याळाच्या नाडी टिपणाऱ्या हिरव्या प्रकाशाला अडवतो.

पायाचा खरा उपयोग व्यायामाची तीव्रता ठरवताना होतो. वय ४५ असेल तर २०८ मधून वयाचे सात दशांश वजा करा: कमाल ठोके अंदाजे १७६. पाया ७० असेल तर मधली शिल्लक १०६. तिचे ४० ते ६० टक्के पायात मिळवा: ११२ ते १३४. झपझप चालताना या टप्प्यात राहा. पाया ६२ वर आला की हाच टप्पा १०८ ते १३० होतो, म्हणून दर तिमाहीला हिशोब पुन्हा करा. कमाल ठोक्यांचा अंदाज दहा-बाराने इकडेतिकडे असू शकतो. बोलताना वाक्य तुटायला लागलं तर आकडा काहीही म्हणो, वेग कमी करा.

मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर हे गणित लागू नाही. त्या ठोके दाबून ठेवतात. कमी आकडा पाहून खूश होऊन गोळी स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे.

विश्रांतीतही ठोके सतत शंभराच्या वर असतील तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. व्यायामाची सवय नसताना ते पन्नासच्या खाली असतील आणि गरगरत असेल, किंवा नाडीला लयच नसेल, तर ईसीजी काढा. वही बरोबर न्या. छातीत दुखत असेल किंवा भोवळ आली असेल तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.