किंग एअरचे सहा लिव्हर आणि नवं पॅनेल: माझा अनुभव

कमर्शियल लायसन्स मिळालं तेव्हा माझे तास दोनशेच्या जेमतेम वर होते आणि ते जवळजवळ सगळे काट्यांच्या घड्याळांऐवजी संगणकी पडदे असलेल्या विमानांत केलेले. गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर मी डायमंड डीए-४० वर शिकले, मल्टी-इंजिन रेटिंग डीए-४२ वर केलं. डीए-४२ ला इंजिनं दोन, पण प्रत्येकाला लिव्हर एकच. प्रोपेलर किती फिरवायचा, इंधन किती द्यायचं ते संगणक बघतो. समोर सगळी माहिती पडद्यांवर दाखवणारी गार्मिन जी-१००० यंत्रणा. नोकरी लागली ती मात्र चार्टर आणि एअर ॲम्ब्युलन्सच्या कामावर, जुन्या बीचक्राफ्ट किंग एअर बी-२०० वर. मधल्या पेडेस्टलवर सहा लिव्हर: दोन पॉवरचे, दोन प्रोपेलरचे, दोन कंडिशनचे, म्हणजे इंधन चालू-बंद करणारे. आणि पॅनेलभर काट्यांची घड्याळं. लोक घड्याळांवरून पडद्यांवर जातात, माझा प्रवास उलटा सुरू झाला. पुढे तेच विमान नवं पॅनेल बसवायला हँगरमध्ये गेलं, म्हणून दोन्ही बाजू बघायला मिळाल्या.

टाइप रेटिंगच्या, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवायच्या परवानगीच्या, पायऱ्या ठरलेल्या असतात: ग्राउंड क्लास, डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) त्या विमानावरचा टेक्निकल पेपर, सिम्युलेटर (आम्हाला त्यासाठी परदेशात पाठवलं), स्किल टेस्ट आणि मग लायसन्सवर नोंद. कागदांबद्दल जास्त लिहीत नाही. फक्त लॉगबुकच्या प्रत्येक पानावर वेळच्या वेळी सही-शिक्का घेऊन ठेवा.

खरा अभ्यास इंजिनाचा होता. बी-२०० ला प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची दोन पीटी-६ए-४२ इंजिनं असतात, प्रत्येकी ८५० अश्वशक्तीची. या इंजिनात हवा मागच्या बाजूने शिरते आणि जळलेला वायू पुढे, प्रोपेलरच्या जवळून बाहेर पडतो. कॉम्प्रेसर फिरवणारी टर्बाइन वेगळी, प्रोपेलर फिरवणारी वेगळी. दोघींमध्ये दांडा नाही, फक्त गरम वायू. पहिल्या दिवशी कॅप्टनांनी मला बंद इंजिनाचा प्रोपेलर एका हाताने फिरवायला लावला. गर्रकन फिरला. "म्हणूनच उभ्या विमानाचा प्रोपेलर बांधून ठेवायचा," ते म्हणाले. "वाऱ्याने नुसताच फिरत राहतो आणि आत तेलाचा दाब शून्य."

स्टार्ट करताना तर डोळे दोनच घड्याळांवर. स्टार्टचा स्विच वर केला की एन-वन, म्हणजे कॉम्प्रेसरच्या फिरण्याचा वेग, वाढू लागतं. ते १२ टक्क्यांच्या वर स्थिर झालं की कंडिशन लिव्हर लो आयडलला, म्हणजे इंधन चालू. मग आयटीटीचा, म्हणजे टर्बाइनच्या तापमानाचा काटा उडी मारतो. १००० अंश चालतात, पण फक्त ५ सेकंद. बॅटरी कमजोर असेल तर एन-वन रेंगाळतं, हवा कमी पडते, इंधन तेवढंच, आणि काटा भसकन वर जातो. म्हणून हात लिव्हरवरून काढायचा नाही. लक्षण बरं दिसलं नाही तर लगेच कट-ऑफ. चुकलं तर लाखोंचं इंजिन उघडावं लागतं. डीए-४२ वर मला एवढी काळजी कधी करावी लागली नव्हती.

टेक-ऑफला टॉर्कची, म्हणजे प्रोपेलरला मिळणाऱ्या पिळाच्या जोराची, मर्यादा २२३० फूट-पाउंड आणि आयटीटीची ८०० अंश. मुंबईत हिवाळ्यातल्या पहाटे टॉर्कची मर्यादा आधी येते. मे महिन्यात दुपारी नागपूरहून पेशंट घेऊन निघताना उलटं होतं: टॉर्क अजून खालीच असतो आणि आयटीटी लाल रेघेला टेकलेली असते. तिथे थांबायचं, आणि तेवढ्या ताकदीत निघता येतं की नाही हे तक्त्यात आधीच पाहिलेलं असायला हवं.

सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पडण्याचे सराव होतात, तेही बहुतेक डावं इंजिन. दोन्ही प्रोपेलर कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतात, त्यामुळे डावं गेलं की विमान जास्त त्रास देतं. ऑटोफेदर चालू असेल तर टॉर्क कोसळल्यावर पाती आपोआप वाऱ्याला आडवी न राहता कडेने वळतात. ते बंद ठेवूनही सराव करून घेतात. विमान सरळ ठेवायला एका पायाने रडरचं पेडल जोरात दाबावं लागतं; जो पाय निवांत, त्या बाजूचं इंजिन गेलं. ते पुन्हा पडताळायचं, मगच लिव्हर ओढायचा. घाईत चालू इंजिनाचा लिव्हर ओढला तर पुढे बोलायला काही उरत नाही. माझ्या पोटऱ्या दोन दिवस दुखत होत्या.

वर्षभरात घड्याळं अंगवळणी पडली, तोवर मालकांनी जी-१००० एनएक्सआय, म्हणजे त्याच पडद्यांच्या यंत्रणेची नवी आवृत्ती, बसवायचं ठरवलं. हँगरमध्ये पाहायला गेले तर पॅनेलच्या पत्र्यावर नुसती गोल भोकं होती आणि खाली क्रेटमध्ये जुन्या वायरींची भेंडोळी, प्रत्येकीला पिवळी पडलेली चिठ्ठी. तिथे एका तंत्रज्ञाने सांगितलेलं मला तोवर ठाऊक नव्हतं: काम संपल्यावर विमान पुन्हा तोलतात. नाकातले जड डबे गेल्याने रिकामं वजन घटलं आणि गुरुत्वमध्य मागे सरकला. आमचं स्ट्रेचर मागच्या भागात असतं, त्यामुळे लोडशीटचा, म्हणजे विमानात वजन कुठे किती याचा, सगळा हिशोब नव्याने झाला. कंपासही नव्याने जुळवावा लागला.

आता दोघांसमोर एकेक पडदा आणि मध्ये मोठा १५ इंची. नव्या पॅनेलच्या डिफरन्स ट्रेनिंगला कॅप्टन म्हणाले, "चल, आता तू शिकव." बटणं मला पाठ होती, म्हणून फ्लाइट प्लॅन मी भरायचे आणि ते शेजारी वहीत लिहून घ्यायचे. इतक्या वर्षांच्या माणसाने असं वही उघडून बसावं याचं मला फार अप्रूप वाटलं. ऑटोपायलट बंद असतानाही विमान जास्त कललं तर योक (विमान वळवायचा दांडा) हलकासा उलटा रेटा देतो, ते त्यांना मुळीच आवडलं नाही. "माझ्या हातात कोण हात घालतंय?" असं विचारून त्यांनी तो बंद कसा करायचा तेच आधी शिकून घेतलं.

सगळ्यात उपयोगी बदल उंचीचा. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमधलं उभं अंतर फक्त १,००० फूट असतं. तिथे शिरायला अचूक अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) आणि वेगळी परवानगी लागते. आमचं जुनं विमान २८,००० वर अडकायचं. नव्या पॅनेलमुळे ती परवानगी आल्यावर पावसाळ्यात विदर्भाकडे जाताना ढगांचे काही थर तरी पायाखाली राहू लागले. सगळे नाही, मोठा गडगडाटी ढग आमच्या ३५,००० च्या कमाल मर्यादेच्याही कितीतरी वर जातो, त्याला वळसाच घालायचा.

लिव्हर मात्र सहाच आहेत. पडदा आयटीटी रंगवून दाखवतो, मर्यादा ओलांडली की ओरडतो, पण पॉवर मागे घेणारा हात आपलाच. म्हणून नव्याने येणाऱ्या को-पायलटला मी आधी पडद्याकडे नेत नाही. इंजिनं बंद असताना डाव्या-उजव्या लिव्हरांवरून डोळे मिटून हात फिरवायला लावते, आणि मग प्रोपेलर बांधायचा दोर कुठे ठेवतो ते दाखवते.