गुलमर्ग, फेब्रुवारी २०२४: वर ताजा बर्फ, खाली साखर

त्या हिवाळ्यात आधी गुलमर्गला बर्फच नव्हता. चिल्ले कलानचे चाळीस दिवस, म्हणजे २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ, हा काश्मीरचा खरा बर्फाचा हंगाम. २०२४ च्या जानेवारीत मात्र तिथल्या कुरणावर वाळलेलं गवत दिसत होतं. महिना संपता संपता बर्फ सुरू झाला आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तर भरभरून पडला. आम्ही चौघं पुण्याहून स्कीइंगसाठी नेमके तेव्हाच पोचलो. घरून फोन येत होते, "नशीब काढलंत!" आम्हालाही तसंच वाटत होतं.

गुलमर्गच्या खालच्या टनमर्गचा आमचा गाईड मात्र खूश नव्हता. गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, वर जायचं नाही, स्कीला स्किन्स (चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या) लावून गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गच्या बाजूने चालत चढायचं आणि वाटेत बर्फ खणून बघायचा, असं त्याने ठरवलं. स्की पेट्रोल, म्हणजे उतारांची सुरक्षा बघणारं पथक, सुरुंग लावून बर्फ पाडतं ते मुख्यतः गोंडोलाखालच्या भागात. त्याच्या बाहेर पाऊल टाकलं की निर्णय तुमचा.

वरच्या उताराच्याच दिशेला तोंड असलेल्या, पण स्वतः सौम्य असलेल्या जागी आम्ही कमरेच्या वर खोल खड्डा घेतला. वरचा पाऊण मीटर नवा, मऊ बर्फ. त्याखाली वीतभर जाडीचा करडा थर. मी त्यातला मूठभर उचलला. दाबला तरी गोळा होईना. जाड्या साखरेसारखा हातमोज्यातून घरंगळून गेला. हंगामाच्या सुरुवातीला सावलीतल्या उतारांवर बर्फाचा पातळ थर असतो. खालची जमीन त्यामानाने उबदार, वरची हवा कडाक्याची थंड. आतली वाफ वर सरकत राहते आणि कणांचे मोठे, कोरडे, सुटे दाणे होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. मग त्यावर जेवढा जास्त बर्फ पडेल तेवढा धोका वाढतो. आम्ही ज्याला नशीब म्हणत होतो ते सगळं ओझं याच साखरेवर बसलं होतं.

थर एकमेकांना किती धरून आहेत ते बघायला गाईडने ९० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद असा बर्फाचा खांब मोकळा केला. एका टोकाला फावडं ठेवून आधी मनगटाने दहा थापा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा, अशी ती चाचणी असते. तेराव्या थापेला अख्खा खांब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुटून सरकला. तेवढ्यात आमच्यातला एक जण आणखी वर दहा-बारा पावलं गेला आणि पायाखालून 'धप्प' असा दबका आवाज आला. बर्फ बोटभर खचला, भेग सरळ पुढे पळत गेली. "वापस. अभी." गाईड एवढंच बोलला. हा आवाज सपाटीवर आला तरी थांबू नका. तो थर लांबवर जोडलेला असतो आणि डोक्यावरचा उतार खालूनही सुटू शकतो.

दुसऱ्या दिवशी, २२ फेब्रुवारीला, खिलनमर्गच्या परिसरात हिमस्खलन झालं. एका रशियन स्कीअरचा जीव गेला. त्याआधीच्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, गुलमर्गच्याच अफरवट डोंगरावर, हापतखुडला, हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले होते. बातमी आली तेव्हा आम्ही मंकी हिलच्या झाडीत होतो. आमच्यातलं कुणीच बराच वेळ बोललं नाही.

अशा हंगामात जाणार असाल तर उतार ३० अंशांच्या खालचेच घ्या, आणि तेही वर मोठा उतार नसलेले. फोनवरच्या ॲपने कोन मोजता येतो. नजरेवर विसंबू नका, मी प्रत्येक वेळी कमीच धरत होते. मंकी हिल आणि बाबा रेशीकडे उतरणारं जंगल अशा दिवसांसाठी चांगलं आहे, पण झाडी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. घळीत एका वेळी एकच जण. ताजा बर्फ पडल्यावर दोन दिवस थांबलं की झालं, हा हिशेब साखरेचा थर असताना चालत नाही. तो आठवडेच्या आठवडे कमकुवत राहतो. म्हणून निघण्याआधी डिसेंबर-जानेवारीत तिथे किती बर्फ पडला ते विचारा.

टनमर्ग ते गुलमर्ग १३ किलोमीटर. बर्फात चाकांना साखळ्या लावलेलीच गाडी घ्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड हवं. बीकन (गाडलेल्याला शोधायला संदेश देणारं-घेणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे स्वतःचं हवं. भाड्याने मिळालेल्या आमच्या एका बीकनची बॅटरी अर्ध्याखाली होती, आणि ते आमच्या लक्षात आलं थेट खोलीवर आल्यावर. दुकानातच चालू करून बघा. अल्कलाइन सेल घरून न्या, आणि फोन बीकनपासून लांबच्या खिशात ठेवा.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचण्याची आशा मोठी, नंतर ती झपाट्याने घटते. तोवर मदत पोचत नाही. शोधणार ते तुमचेच सोबती. गुलमर्गच्या सपाट मैदानावर गाईडने सॅकमध्ये बीकन घालून ती पुरली आणि आम्हाला शोधायला लावलं. पहिल्या दिवशी नऊ मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी आम्ही चारवर आलो, त्यातली अडीच नुसतं खणण्यात गेली.