मार्केट यार्डात बसून आम्ही सगळे मुंबईत

"ताई, पुण्याच्या गाळ्याचा इसार परवा द्यायचाय. तेवढं वेबसाइटचं एक पान काढून द्या की, अण्णांना दाखवायला."

सांगलीच्या एका हळद-अडत्याच्या घरातल्या धाकट्याचा हा फोन आला तेव्हा गाळा जवळजवळ ठरलेलाच होता. लक्ष्मी रोडच्या आतल्या बाजूला, दसऱ्याचा मुहूर्त. आकडे हवे होते ते फक्त शिक्का मारायला. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं असंच असतं. निर्णय झालेला असतो, मग आलेख शोधायचा. सांगली-मिरजेतल्या लहान दुकानदारांच्या साइटी सांभाळते मी. या कामात कुणी 'काय करू?' असं विचारत येत नाही, 'हे बरोबर आहे असं दाखवून द्या' म्हणत येतात.

हे घर हळदीचं. वसंतदादा मार्केट यार्डात अण्णांची अडत, थोरला त्यांच्या हाताखाली. धाकट्याने कोरोनाच्या काळात हळद पावडर नि बेदाणा ऑनलाइन विकायला सुरुवात केली. पॅकिंग, कुरिअर आणि गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲप थोरल्या वहिनींकडे. म्हणजे धंदा धाकट्याचा आणि राबणं वहिनींचं. पण तो विषय वेगळा.

ही गोष्ट २०२३च्या पावसाळ्यातली. पावसाळा म्हणायचा इतकंच, त्या वर्षी ऑगस्ट कोरडाच गेला. सौदे आटोपल्यावर दुपारी गेले. अण्णा गादीवर तक्क्याला टेकून बसलेले, समोर हळकुंडांच्या नमुन्यांच्या थाळ्या. त्या पेढीवर लॅपटॉप उघडला की दहा मिनिटांत बटणांवर पिवळी पूड बसते. घरी येऊन ब्रशने झाडावी लागते.

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. जूनपासून साइटवर येणाऱ्यांचा आलेख चढत चाललाय, आणि शहरांच्या यादीत पुणे-मुंबई मिळून निम्म्याहून जास्त. सांगली कुठेतरी खाली. "गिऱ्हाईक पुण्यात आहे अण्णा, आपण इथं बसलोय."

अण्णांनी यादी बघितली आणि मला विचारलं, "ह्याला कसं कळतं माणूस पुण्यातला हाय ते?"

मी सांगण्यापेक्षा दाखवायचं ठरवलं. साइटवर कोण, कुठून येतं ते मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये 'रिअलटाइम' म्हणून एक अहवाल असतो. गेल्या अर्ध्या तासात साइटवर कोण आहे ते नकाशावर दाखवतो. मी फोनचं वाय-फाय बंद केलं, मोबाइल डेटावर त्यांची साइट उघडली. थोड्या वेळात नकाशावर एक ठिपका आला. मुंबई. धाकट्याला त्याच्या फोनवर उघडायला सांगितलं. पुणे. वहिनी आतून हात पुसत आल्या, त्यांचा ठिपका पुन्हा मुंबईत. थोरल्याचा लॅपटॉप दुकानाच्या वाय-फायवर होता, तो कोल्हापुरात निघाला. चारजण एका पेढीवर बसलेलो आणि सांगलीत एकही नाही.

"म्हणजे मी आत्ता मुंबईत हाय होय?" अण्णा म्हणाले. "मग चहा कुणाला सांगू?"

यात गूढ काही नाही. शहराचा अंदाज बांधला जातो आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळालेल्या आकडी पत्त्यावरून. मोबाइल कंपन्यांचं जाळं मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर पडतं, त्यामुळे तासगावच्या बेदाणा शेडमधला माणूसही पुण्या-मुंबईचा दिसू शकतो. राज्य साधारण बरोबर येतं, देश तर येतोच. पण तालुका-शहर या पातळीवर त्या यादीवर दुकानाचं भाडं ठरवू नये. त्यातून या साइटवर दिवसाला येणारी माणसं मोजकी. दोन्ही भाऊ दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःच उघडून बघणार, वहिनी ऑर्डर बघणार. घरचे पत्ते गाळण्याची सोय आहे, पण ती ऑफिसातल्या ठरावीक जोडणीला लागू पडते. मोबाइलचा पत्ता सतत बदलत असतो, तो कुठला गाळणार?

धाकटा गप्प झाला, पण हटला नाही. "बरं, शहर सोडा. आलेख तर चढलाय ना?"

चढला होता खराच. पण तिथे दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. १ जुलै २०२३पासून गूगलने जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स बंद करायला घेतलं आणि सगळ्यांना नव्या पद्धतीवर आणलं. जुन्यात एक पान बघून माणूस निघून गेला की तो 'बाउन्स' धरला जायचा, मग त्याने ते पान अर्धा तास वाचलेलं का असेना. नव्यात दहा सेकंदांहून जास्त थांबला तरी तो 'गुंतलेला' गणला जातो. धाकट्याने जुना नि नवा असे दोन आलेख शेजारी लावून 'लोक आता जास्त रमतात' असा अर्थ काढला होता. लोक तेच होते, माप बदललं होतं.

दुसरी गोष्ट कळायला मी लँडिंग पेजची यादी उघडली, म्हणजे माणूस साइटवर पहिल्यांदा कुठल्या पानावर उतरतो ते. दहातले सात-आठ एकाच पानावर. 'आजचा हळद भाव'. धाकट्याने हौसेने बनवलेलं पान, सौदे झाले की थोरला त्यावर दर टाकायचा. त्या पावसाळ्यात हळदीचा भाव एकाएकी उसळला होता, लागवड घटल्याच्या बातम्या होत्या, आणि ज्याच्या घरात दोन पोती हळद पडून होती तो रोज भाव बघत होता. मग सर्च कन्सोल उघडलं. लोक गूगलमध्ये काय लिहून आपल्यापर्यंत आले ते तिथे दिसतं. 'सांगली हळद भाव आज', 'वसमत हळद बाजारभाव', 'हिंगोली हळद', 'निजामाबाद हळद रेट', 'राजापुरी हळद दर'. पानभर हेच. हळद पावडर विकत घ्यायला आलेला एखाददुसरा.

मी म्हणणार होते की हा सगळा घोळका बाजूला काढून बघू या, हे गिऱ्हाईक नव्हे. त्याआधी अण्णा चष्मा सावरत पुढे झुकले. "वसमतचा कोण बघतोय?"

"शेतकरी असणार. हळद विकायची असेल त्याला."

"मग तो ह्याचा गिऱ्हाईक नव्हं. माझा हाय!"

आणि ते खरंच होतं. मराठवाड्यातला, कर्नाटकातला माल सांगलीत सौद्याला येतोच. धाकट्याच्या किरकोळ विक्रीच्या हिशोबात ज्यांना शून्य किंमत होती, ती माणसं अण्णांच्या अडतीला हवी तीच होती. मात्र त्या पानावर अडतीचा फोन नंबरसुद्धा नव्हता. खाली चौकट होती ती 'आमची हळद पावडर खरेदी करा' अशी. ज्याच्या घरात वीस क्विंटल हळद आहे त्याला आपण दोनशे ग्रॅमची पुडी दाखवत होतो. वहिनी हसल्या तशा थोरलाही हसला. धाकट्याला हसू यायला वेळ लागला.

त्यानंतर खरेदीचे टप्पे तपासले. पिशवीत टाकलं, पत्ता भरला, पैसे भरले, यातल्या कुठल्या पायरीवर किती जण गळतात ते. पिशवीत टाकणारे बरे होते. कुरिअरचा खर्च दिसतो त्या पायरीवर बहुतेक सगळे पळाले होते. पाव किलोच्या पुडीला जवळजवळ पुडीइतकंच कुरिअर, कोण देईल? हे कळायला ॲनालिटिक्स लागत नाही, वहिनी वर्षभर सांगत होत्या. पण घरात बाईने सांगितलेलं आणि पडद्यावर निळ्या पट्टीत दिसलेलं, यांना सारखं वजन मिळत नाही. त्या दिवशी ते मिळालं म्हणून मला त्या पट्टीचे आभार मानावेसे वाटले.

मी वहिनींना त्यांची कुरिअरची वही आणायला सांगितली. दोनशे पानी, प्रत्येक पार्सलचं नाव, पिन कोड, वजन. जी माणसं खरंच पैसे देऊन गेली त्यांचा पत्ता आयपीवरून कशाला ओळखायचा, पिन कोड समोर आहे की. आम्ही दोघी वाचत गेलो, धाकटा लिहीत गेला. ४०० मुंबई, ४११ पुणे, ५६० बेंगळुरू, ४२२ नाशिक. पुणं होतं, चांगलं होतं. पण त्यातही ४११०५७, ४११०२८: वाकड-हिंजवडी, हडपसर. लक्ष्मी रोडच्या आसपासच्या पेठांमधली पार्सलं बोटावर मोजण्याइतकी. वाकडची बाई हळद घ्यायला गाडी काढून पेठेत येणार नाही. ती घरी बसून मागवते म्हणून तर आपली गिऱ्हाईक आहे.

वहीत आणखी एक दिसत होतं, ते अहवालात सहज दिसलं नसतं. एकाच पत्त्यावर एकदम अर्ध्या अर्ध्या किलोच्या आठ-दहा पुड्या. कधी? मार्च ते मे. वर्षाची हळद भरणारी घरं! आपल्याकडे तिखट-हळद उन्हाळ्यात वर्षाची भरायची पद्धत बेंगळुरूला गेलेल्यांनीही सोडलेली नाही, आणि साइटवर मोठं पॅकच नसल्यामुळे ती बिचारी पुड्या जोडत बसली होती.

मग साइटवरच्या शोधपट्टीत लोक काय लिहितात ते काढलं. धाकट्याला हा अहवाल आहे हेच माहीत नव्हतं. सगळ्यात वरचा शब्द: हळकुंड. मराठीत, रोमन अक्षरांत, चुकीच्या स्पेलिंगसकट. आणि निकाल शून्य, कारण साइटवर फक्त पावडर होती. हळकुंड आणून स्वतः दळून घेणारी, पावडरवर विश्वास नसलेली माणसं, किंवा लग्नाघरची. ती आली, शोधलं, सापडलं नाही, गेली. आणि आमच्या पाठीमागे दहा फुटांवर हळकुंडांची थप्पी लावलेली.

"कुरिअरने हळकुंड कोण मागवतंय असं तूच म्हणाला होतास," थोरला धाकट्याला म्हणाला. मी मध्ये पडले नाही.

एवढं झाल्यावरही धाकट्याने विचारलं तो प्रश्न मला आवडला. "ताई, ही वही तरी केवढी? एवढ्याशा ऑर्डरींवरून काय ठरवायचं?" बरोबर होतं त्याचं. महिन्याला मोजक्या ऑर्डरी असतात तिथे टक्केवारी फार फसवते. दहाच्या बारा झाल्या तर वीस टक्के वाढ होते, आणि त्या दोन ऑर्डरी मावशीच्याही असू शकतात. म्हणून मी त्याला सांगितलं की हळकुंड टाकून बघायला काही हजार रुपये लागतील, चुकलं तर माल परत थप्पीत जाईल. पुण्याच्या गाळ्याची अनामत परत कुठे जाईल? कमी आकड्यांवर लहान निर्णय घ्यावेत, मोठे थांबवावेत.

तेव्हा अण्णांनी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं काढलं. सांगलीत पाण्याची पातळी फुटात बोलतात. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९ला ५७च्या वर गेली होती. अण्णा म्हणाले, "पुलाचा आकडा आम्ही कशाला बघतो? किती फुटाला काय उचलायचं ते आधी ठरलेलं असतंय. ह्यो तुझा आलेख वर गेला तर तू काय करणार, आणि खाली गेला तर काय करणार, ते सांग." धाकट्याला उत्तर देता येईना. आलेख वर गेला असता तरी तो गाळा घेणार होता, खाली गेला असता तरी 'ऑनलाइन चालत नाही, दुकान हवं' म्हणून घेणारच होता. मी या कामाची शिकवणी देत असते. माझ्या तोंडून इतकं नेमकं कधी निघालेलं नाही.

इसार दिला नाही. पाच वाजता भेळ आली, मग यादी केली. हळकुंड एक, दोन आणि पाच किलोत. दोन किलोच्या वर कुरिअर आपल्याकडे, ते किमतीत धरून. भावाच्या पानावर अडतीचा नंबर सगळ्यात वर, पुडीची जाहिरात काढून. व्हॉट्सॲपवर वहिनी जी लिंक टाकतात तिला वेगळी खूण, कारण खूण नसेल तर तिथून आलेला माणूस 'डायरेक्ट'मध्ये जमा होतो आणि वहिनींच्या कामाचं श्रेय कुणालाच जात नाही. पैसे भरून परत येणाऱ्यांचं श्रेय तर चक्क पेमेंटच्या साइटला जात होतं, तेही दुरुस्त केलं. आणि एक मी नेहमी करते ते: तपशीलवार अहवालांसाठी माहिती ठेवायची मुदत आपोआप दोनच महिने असते, ती चौदा केली. हळदीच्या धंद्यात दोन महिन्यांच्या माहितीवर उन्हाळा नि दिवाळी यांची तुलना कशी करणार?

भावाच्या पानावरचा नंबर पहिल्या आठवड्यापासून वाजायला लागला. फोन अण्णा घेतात आणि 'वेबसाइटवरून आलाय' हे वहीच्या समासात फुली मारून ठेवतात. त्यातले किती जण माल पाठवतात ते गूगलला कधीच कळणार नाही, ते त्या फुलीतच राहणार. हळकुंडाच्या ऑर्डरी पुढच्या उन्हाळ्यात आल्या. पावडरीपेक्षा कमी, पण पार्सल जड. वहिनींनी सगळ्यात आधी नवा वजनकाटा मागून घेतला.

लक्ष्मी रोडचा गाळा मोबाइल कव्हरवाल्याने घेतला. धाकटा अजून पुणं सोडायला तयार नाही. आता तो वाकडचं बोलतो आणि निदान पिन कोड घेऊन बोलतो. सध्या घरात वाद आहे तो बेदाण्याचा. दिवाळीला भेटीचे डबे काढायचे का? शोधपट्टीत आजवर कुणी 'गिफ्ट बॉक्स' लिहिलेलं नाही, हे मी बघून सांगितलं. जे दुकानात कधी ठेवलंच नाही ते कोण शोधणार, असं वहिनींचं म्हणणं. त्यांनी पन्नास डबे छापायला टाकलेत, अण्णांना विचारून.