असेंब्लाज: घुबड उभं राहिलं, पेटी अर्ध्यावर

असेंब्लाजचं, म्हणजे अडगळीतल्या वस्तू जोडून केलेलं, माझं घुबड आता आपल्या पायांवर उभं आहे. डोळ्यांना घड्याळाच्या चकत्या बसवायच्या होत्या, पण डबा चाळताना दोन गंजक्या बिजागऱ्या सापडल्या आणि बेत बदलला. बिजागरी उघडते, मिटते; पापण्या आयत्याच मिळाल्या. स्क्रूची भोकं बुजवलेली नाहीत. ही वस्तू कधीतरी कपाटाच्या दाराला होती, हे दिसलंच पाहिजे. पंखांसाठी छत्रीच्या काड्या बाजूला काढल्या आहेत.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेवी-स्ट्रॉसने १९६२ साली ब्रिकोलाज, म्हणजे हाताशी असेल त्यातूनच काम भागवणं, मांडलं ते याच अंगाने. इंजिनिअर आधी आराखडा करतो, मग त्याला लागेल ते सामान मिळवतो. ब्रिकोलर हाताशी असलेली अडगळच पुन्हापुन्हा उलटीपालटी करतो, आणि काय बनणार हे बरंचसं तीच ठरवते. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात बैल दिसतो आणि सायकल काही केल्या लपत नाही. माझ्या लेखी सगळी गंमत तिथेच आहे.

सोबत कागदाचे कपटे चिकटवून एक पेटी करतोय, तिची गोष्ट वेगळी. ती जर्मन कोलाजकार कर्ट श्विटर्सच्या धाटणीची. त्याने ट्रामची तिकिटं, वेष्टनं, छापील कपटे, जे सापडेल ते चिकटवलं. मी मात्र नवे कागद चहाच्या पाण्यात भिजवून जुने करतोय, कडा मुद्दाम फाडतोय. कपटे तसेच दिसतील, पण इथे आधी शैली ठरली आणि सामान तिच्यासाठी तयार झालं. म्हणजे हे सरळसरळ पास्तिश, दुसऱ्याच्या शैलीची नक्कल. अमेरिकन समीक्षक फ्रेडरिक जेमसन पास्तिशला हसू हरवलेलं विडंबन मानतो. मला ते जरा कडक वाटतं. दुसऱ्याचा हात गिरवताना त्याची रचना जितकी कळते, तितकी नुसती चित्रं पाहून कळत नाही.

वस्तूवरून मात्र निवाडा करू नका. सत्तरच्या दशकात पंक संगीताच्या नादातल्या पोरांनी कपड्यांना सेफ्टी पिना टोचल्या ते ब्रिकोलाज. पुढे पिना लावूनच शिवलेली जॅकिटं विकायला आली, ते पास्तिश. पीन तीच!

पेटीची मागची फळी अजून कापायची आहे. अडगळीत एक आहे, पण तिच्यावर रंगाचे असे ओघळ आहेत की ती लावली तर श्विटर्स बाजूला राहील आणि पेटी भलतीकडेच जाईल. सध्या दोन्ही फळ्या टेबलावर आहेत.