बहिणीच्या लग्नातली गाणी ठरवताना : माझा अनुभव

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न माघात झालं, अमळनेरला, मुलगा शिरपूरचा. बस्ता, दागिने, आचारी, पत्रिका सगळी कामं दिवाळीतच वाटून झाली होती, गाण्यांचं कोणी विचारलंच नव्हतं, कारण आपल्याकडे बँडची सुपारी दिली आणि डीजेवाल्याला अ‍ॅडव्हान्स दिला की झालं असंच सगळ्यांना वाटतं. मग एका रात्री बहीण म्हणाली, ताई, मावसभावाच्या लग्नात मंगलाष्टकं कोणालाच ऐकू आली नाहीत ग, गेटवर डीजे चालूच होता, माझ्या लग्नात असं नको होऊ देऊ. मी तिला हो म्हटलं आणि काम माझ्याकडे आलं.

सुरुवात मी तशीच केली जशी सगळे करतात, फोनवर प्लेलिस्ट बनवली, घरच्या ग्रुपवर टाकलं की ज्याला जे गाणं हवं ते पाठवा. आठ दिवसात १४० गाणी जमली आणि भांडणं पण. काकांना जुनी हवी, चुलतभावांना अहिराणी डीजे रिमिक्स हवे, आईला सगळीकडे फक्त सनई हवी. मी नाशिकला बसून रोज रात्री वर-खाली करत होते आणि काही जमत नव्हतं. शेवटी गाणी बाजूला ठेवली आणि वहीत नुसत्या वेळा लिहिल्या, मांडवापासून बिदाईपर्यंत, आणि प्रत्येक वेळेपुढे एवढंच लिहिलं की तेव्हा तिथे कोण उभं असणार, कोणाचे हात कामात असणार, कोण बोलणार, आणि कुठे काहीच वाजायला नको. हे लिहिल्यावर १४० मधली निम्मी गाणी कशालाच लागत नाहीत हे आपोआप दिसलं. कोणाला हे काम करायचं असेल तर माझं मत आहे की आधी हेच करा.

हळदीच्या पानावर मी अडकले. दुपारी ४ ते ६ बायका अंगणात बसून जात्यावर हळद दळणार, नवरीला लावणार, तिथे मी स्पीकरवरची हळदीची गाणी लिहिली होती. आई म्हणाली, फुई असताना स्पीकर कशाला? फुई म्हणजे आत्या, आबांची मोठी बहीण, ७८ वर्षांची, पारोळ्याकडच्या खेड्यात राहते. आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांत तिनेच गाणी म्हटली होती पण गेल्या दोन-तीन लग्नांत डीजेपुढे ती गप्प बसून राहिली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, माझ्यासुद्धा नाही, हे मला आत कुठेतरी फार लागलं.

डिसेंबरमध्ये सुट्टी काढून मी तिच्याकडे गेले. म्हटलं फुई, गाणी सांग, मी रेकॉर्ड करते. ती खाटेवर बसून आठवत होती आणि दोन ओळींच्या पुढे जातच नव्हती, मलाही वाटलं आता विसरली असेल. मग ती स्वतःच उठली, कोपऱ्यातलं जातं पुढे ओढलं, मूठभर ज्वारी टाकली आणि खुंट्याला हात घातला, आणि अक्षरशः चौथ्या-पाचव्या फेऱ्याला गाणं सुरू झालं ते संपेचना. शब्द तिच्या डोक्यात नव्हते, हाताच्या फेऱ्यात होते. दोन दुपारी मी तिथे होते, २३ गाणी मिळाली. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरात त्यांचं म्हणणं कागदावर उतरवून घेतलं गेलं म्हणून १९५१ ला त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. फुईच्या जात्यासमोर वही घेऊन बसल्यावर मला त्या धड्याचा अर्थ लागला.

आणि एक गोष्ट तिथे कळली जी प्लेलिस्टमध्ये बसतच नाही. ही गाणी तीन-चार मिनिटांची नसतात. एक ओळ फुई म्हणते, बाकीच्या उचलतात, आणि त्या ओळीत नवरीच्या बापाचं नाव, मग काकाचं, मग मामाचं, मग भावाचं, जेवढं गोत तेवढं गाणं लांब. ज्याचं नाव राहिलं तो रुसतो. म्हणून मी घरातल्या सगळ्यांच्या नावांची यादी काढून फुईच्या सुनेकडे दिली, की ती बाजूला बसून पुढचं नाव हळूच सांगेल. माईक लावायचा का असं विचारलं तर फुई म्हणाली, "मन्हा गाना माईकवर नही व्हतस, माय." मग मी पण हट्ट सोडला. डीजेवाल्याला स्पष्ट सांगून ठेवलं, ६ पर्यंत त्याने वायर पण लावायची नाही, साउंड चेक पण ६ नंतरच.

हळदीच्या दिवशी ४ वाजता सहा-सात जणीच बसल्या होत्या, ५ वाजता अंगण भरलं होतं. ज्या काकू मोबाईलवर होत्या त्या पण ओळ उचलायला लागल्या. नाशिक-पुण्याच्या आमच्या चुलतबहिणी, ज्यांना अहिराणी कळते पण बोलता येत नाही, त्या शेवटचा शब्द तेवढा मिळवत होत्या. बहीण हळद लावून पाटावर बसली होती आणि तिच्या आजोळची नावं गाण्यात आली तेव्हा आई रडली. ७ नंतर डीजे सुरू झाला, पोरांनी मनसोक्त अहिराणी गाण्यांवर नाच केला, मी पण नाचले, पावणेदहाला बंद. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासूनचे आहेत, आणि पोलिस स्टेशनच्या परवानगीच्या कागदावर वेळ लिहिलेली असते, ती मी डीजेवाल्याला फोटो काढून आधीच पाठवली होती त्यामुळे अजून एक गाणं, अजून एक गाणं असं झालं नाही.

आता वरात. खान्देशातल्या माणसाला हे सांगायला नको, पत्रिकेवर मुहूर्त १२:३५ असतो आणि नवरदेव मांडवात येतो दोन वाजता, पाव्हणे उन्हात आणि लहान पोरं उपाशी. पण वरात नवरदेवाकडची, मी नवरीकडची, त्यांना मी काय सांगणार? आबा म्हणाले, मुलीच्या बाजूने बोलायचं नाही या विषयावर. मी सरळ मुलाच्या मोठ्या भावाला फोन केला, म्हटलं दादा, तुमच्याच बँडच्या मास्तरांशी मला एकदा बोलायचंय, तुम्ही पण या. तो माणूस चांगला निघाला, स्वतः गाडीवर बसवून घेऊन गेला.

मास्तर क्लॅरिनेट वाजवतात, तीस वर्षांपासून बँडमध्ये आहेत, त्यांनी पाच मिनिटात मला जे सांगितलं ते मला इंटरनेटवर कुठे सापडलं नव्हतं. म्हणाले, "ताई, नाचायचं गाणं वाजवलं की वरात जागीच उभी राहते, चालीचं वाजवलं की आपोआप सरकते. लोकांना पुढे चला पुढे चला म्हणायची गरज नाही, मला फक्त सांगा कुठे थांबायचं." साधं आहे, माणूस चालतो तेव्हा मिनिटाला शंभरेक पावलं पडतात, त्या ठेक्याचं भजन किंवा जुनं गाणं वाजलं की पाय त्यात पडतात, आणि डबल ठेका आला की पाय जागेवर नाचतात. मारुतीच्या देवळापासून लॉनपर्यंत ९०० मीटर. आम्ही तीन थांबे ठरवले, देवळापुढे २० मिनिटं, चौकात २५, गेटवर १५, मधे फक्त चालीची गाणी. वाटेत एक हॉस्पिटल लागतं, त्याच्या आजूबाजूला शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं, तेवढा तुकडा बँड न वाजवता चालायचं. नवरदेवाच्या मित्रांना हे पटलं नव्हतं, पण नवरदेवानेच घोड्यावरून हात वर केला आणि सगळे मुकाट चालले, पेशंटचे नातेवाईक खिडकीत येऊन बघत होते. १२:२० ला वरात गेटमधून आत आली. आबांनी घड्याळ बघितलं आणि काही बोलले नाहीत, फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला.

मंगलाष्टकांवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता कारण बहिणीने मागितलेली गोष्ट तीच होती. मामा निवृत्त शिक्षक आहेत, मराठी शिकवायचे. त्यांनी ठरवलं दोन कडवी घरची असणार. मंगलाष्टकं सहसा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, ओळीत १९ अक्षरं, बारावर थांबा मग सात, गण म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट म स ज स त त आणि शेवटी एक गुरू. त्या थांब्यामुळेच ती चाल आपल्याला लांबून ऐकू आली तरी ओळखू येते. बहिणीच्या नावात पहिली दोन अक्षरं लघु आणि तिसरं गुरू, म्हणजे सगण, आणि हा गण ओळीत दुसऱ्या आणि चौथ्या जागी येतो त्यामुळे नाव मस्त बसलं, नवरदेवाच्या नावाने मात्र मामांना चार दिवस झोपू दिलं नाही. मी पण एक ओळ केली, बोटं मोजून मोजून :

बोरीच्या तिरची लहान बहिणी, जाते नदीपार ती

अमळनेर बोरीवर आणि शिरपूरला जायचं तर तापी ओलांडावी लागते, म्हणून. मामांनी वही बघितली, तीरचं तिर केलंस आणि बहीणचं बहिणी, चालेल, वृत्तासाठी एवढी सूट मिळते, असं म्हणून ओळीखाली लाल पेनाने बरोबरची खूण केली.

आता बँडची अडचण अशी असते की प्रत्येक कडवं सावधान म्हणून संपतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यालाच कोणीतरी ढोलावर काठी मारतं, मग अक्षता संपतात, गोंधळ होतो, पुढचं कोणी ऐकत नाही. मास्तरांशी आधीच बोलून घेतलं. माझा चुलतभाऊ बोहल्याशेजारी भगवं उपरणं घेऊन उभा, ते वर गेल्याशिवाय एकही वाद्य वाजणार नाही. गुरुजींना एक माईक, मामांना वेगळा, डीजेचं मशीन पूर्ण बंद आणि पॉवरचं बटण माझ्या डोळ्यासमोर. बटणापर्यंत मी का गेले तर साखरपुड्याला आम्ही भोगलं होतं, गाणी ज्याच्या फोनवरून ब्लूटूथने चालू होती त्याला अंगठी घालतानाच फोन आला आणि रिंगटोन अख्ख्या हॉलमध्ये वाजली. तेव्हापासून माझा नियम, गाणी पेनड्राइव्हवर, नावापुढे ०१, ०२ असे नंबर टाकून, एक जादा पेनड्राइव्ह पर्समध्ये, आणि फोन वापरायचाच झाला तर एरोप्लेन मोडवर.

मामांचं कडवं सुरू झालं तेव्हा मागच्या खुर्च्यांपर्यंत शांत होतं. आंतरपाटामागे बहीण, माझी ओळ आली आणि तिने मान वर करून मला शोधलं. मला तेवढंच बघायचं होतं.

लॉनवाल्यांनी मधेच एक लफडं केलं होतं ते पण सांगते, इतरांच्या कामी येईल. लग्नाच्या आठ दिवस आधी मॅनेजर म्हणाला, गाणी वाजवायची तर कॉपीराइटचं लायसन आणा नाहीतर वेगळे पैसे भरा. मी घाबरले, मग ओळखीच्या वकील मैत्रिणीला विचारलं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेडए), धार्मिक विधी, त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ आले, तिथे गाणी वाजवणं म्हणजे उल्लंघन नाही. केंद्राच्या उद्योग खात्याने २४ जुलै २०२३ ला जाहीर सूचना काढून हेच परत सांगितलंय. मी दोन्हीची प्रिंट काढून त्याच्या टेबलावर ठेवली, विषय संपला.

पंगतीला आणि संध्याकाळच्या रिसेप्शनला सनई ठेवली, रेकॉर्डेडच, पण जरा बघून. काका भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांनी मला अडवलं, म्हणाले, बाजारात मिळणारी दोन तासाची फाईल लावू नकोस, त्यात संध्याकाळी सात वाजता भैरव लागतो. त्यांनीच मग बसून निवडलं, दुपारच्या पंगतीला वृंदावनी सारंग, दिवेलागणीनंतर यमन आणि भूप, बिस्मिल्ला खाँसाहेबांची आणि इतरांची मिळून. आवाज एवढाच की वाढपी "वरण वरण" म्हणतो ते ऐकू यावं. बट्टी आणि वांग्याची भाजी वाढत असताना कोणी सनई मन लावून ऐकलं असेल असं नाही, पण काका प्रत्येक राग बदलला की लांबून माझ्याकडे बघून मान हलवत होते.

बिदाईसाठी मी तीन गाणी काढून ठेवली होती, एकही लावलं नाही. बहीण गाडीकडे निघाली तेव्हा फुईने तिचा हात धरला आणि चालता चालताच सुरू केलं, आवाज फाटलेला होता, चार-पाच बायकांनी उचललं. डीजेवाल्या पोराने लांबून मला खुणेने विचारलं लावू का, मी नको म्हटलं. मास्तर क्लॅरिनेट काखेत धरून उभे होते, तेही ऐकत होते.

फुईची २३ गाणी आता माझ्या वहीत आहेत, रेकॉर्डिंग तीन जणांच्या फोनमध्ये ठेवलंय. त्यातल्या दोन गाण्यांचा शेवट तिला आठवत नाही, ती म्हणते तिच्या चुलतबहिणीला माहीत आहे, ती चोपड्याकडे असते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते. आखाजीला मी आणि फुई दोघी जाणार आहोत, वही घेऊन. तिथे जातं आहे का ते फोन करून विचारून ठेवलंय, आहे म्हणाले.