तीन उन्हाळे, तीन वेळा गॅस

काकूंनी टेबलावर एसी दुरुस्तीच्या तीन पावत्या मांडून ठेवल्या होत्या. तिन्ही उन्हाळ्यातल्या, आणि तिन्हींवर एकच नोंद: ‘गॅस चार्जिंग’. इमारत मुंबईत, नाला होऊन बसलेल्या मिठी नदीच्या बाजूची, फ्लॅट पहिल्या मजल्यावर. एसी दीड टनाचा इन्व्हर्टर, आर-३२ गॅसचा, चौथ्या वर्षातला. “या वेळी पण गॅसच भरणार असाल तर आत्ताच सांगा,” त्या म्हणाल्या. त्यांचा राग रास्त होता. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांत तोच वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता पुन्हा भरला, की ग्राहकाचे पैसे गॅसबरोबर हवेत जातात.

हत्यारांची पेटी उघडण्याआधी विचारून घ्यायच्या गोष्टी असतात. भरल्यावर किती दिवस बरा चालतो? कमी कधी होतो, वापरात असताना की बंद असताना? आधीच्या मेकॅनिकने नेमकं काय उघडलं होतं? काकूंच्या उत्तरांवरून गळती बारीक आणि सतत चालणारी दिसत होती: उन्हाळा-पावसाळा ठीक जातो, दिवाळीनंतर एसी बंद असतो आणि मार्चमध्ये लावला की नुसती हवा.

फिल्टर स्वच्छ होता. खोलीत ३० अंश, ग्रिलमधून येणारी हवा २५. हा फरक साधारण १० अंशांच्या आसपास हवा. आउटडोअरच्या बारीक नळीवर बर्फ धरला होता. इन्व्हर्टर मशीन टेस्ट मोडवर, म्हणजे ठरलेल्या एकाच वेगावर, टाकल्याशिवाय गेजवर विश्वास ठेवायचा नाही, कारण कॉम्प्रेसर आपला वेग आपणच बदलत राहतो. टेस्ट मोडवर सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसच्या बाजूला, ७५ पीएसआय दाब आला. आर-३२ मध्ये १२५ ते १५० दिसायला हवा. गॅस कमी आहे एवढं पक्कं झालं, आणि आधीच्या तिन्ही वेळी काम इथेच थांबलं होतं.

नळ्यांच्या फुलवलेल्या तोंडांवर (फ्लेअर) आवळलेल्या नटांवर साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. इथे एक धोका आवर्जून सांगायला हवा. गळक्या मशीनमध्ये गॅस आउटडोअरला ओढून घेण्यासाठी पंप-डाउन करायचं नाही. सक्शन खाली गेलं की गळतीतून हवा आत येते, आणि हवा व तेल एकत्र दाबलं गेलं की कॉम्प्रेसर फुटू शकतो. त्यामुळे रिकव्हरी मशीन लावून गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला. खिडक्या उघड्या, घरात कुठेही ज्योत नाही, कारण आर-३२ पेट घेऊ शकतो. तो हवेत सोडणंही चूक आहे: तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट भारी पडतो.

मग रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन ४०० पीएसआयपर्यंत भरला. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. काटा हळूहळू उतरायला लागला. घरातलं इनडोअर युनिट वेगळं करून फक्त त्याला पुन्हा दाब दिला, तरी उतरलाच. कव्हर काढल्यावर कॉइलच्या (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या) डाव्या टोकाचे यू-बेंड, म्हणजे तांब्याच्या नळीची वळणं, काळेकुट्ट दिसले. तांबं जुनं झालं की तपकिरी होतं, असं काजळासारखं काळं नाही. साबणाचं पाणी लावताच एका बेंडच्या मुळाशी बारीक फेस धरला.

“काकू, देवघरातली चांदी लवकर काळी पडते का?”

त्या चमकल्या. “महिन्याभरात! निरांजन घासून घासून दमले. पण एसीचा त्याच्याशी काय संबंध?”

संबंध थेट होता. नाल्यातून आणि गटारातून हायड्रोजन सल्फाइड येतो. तो चांदी काळी करतो आणि ओल्या तांब्यावर कॉपर सल्फाइडचा काळा थर चढवतो. खालून तांबं झिजत जातं आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. कॉइलच्या बारीक पत्र्यांवरचा निळा किंवा सोनेरी लेप ॲल्युमिनियमसाठी असतो, टोकाचे तांब्याचे बेंड उघडेच राहतात.

पण नाला सगळ्या इमारतीलाच होता, मग याच कॉइलची एवढी वाट का लागली? ड्रेन पाइपचा माग काढला. तो थेट बाथरूमच्या सांडपाण्याच्या पाइपात खोचला होता, मध्ये गटाराची हवा अडवणारा पाण्याचा ट्रॅप नाही. एसी बंद असताना गटाराची हवा त्याच नळीने वर येऊन कॉइलवर बसत होती. भोक पडायचं मूळ कारण ही जोडणी.

काकूंना मोबाइलवर फेसाचा फोटो दाखवला आणि पर्याय कागदावर लिहून दिले. भोकाला ब्रेझिंग मारणं, म्हणजे धातू वितळवून ते बुजवणं, स्वस्त, पण आजूबाजूचं तांबंही झिजलेलं, महिन्या-दोन महिन्यांत दुसरीकडून गळेल. कॉइल बदलणं महाग, पण कारण काढून टाकलं तर टिकेल. वॉरंटीत कॉइल फक्त पहिल्या वर्षी होती, तेही आधीच सांगितलं. त्यांनी कॉइल बदलायला सांगितलं.

नव्या कॉइलच्या बेंडवर गंजरोधक लेप दिला. फ्लेअर नवे काढले, टॉर्क पान्याने पाव इंची नट १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंची ५० ते ६०. अंदाजाने आवळलेला नट एक तर सैल राहतो, नाहीतर फ्लेअर चिरतो. पंपाने नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (अगदी कमी दाब मोजायचं माप) खाली नेला आणि पंप बंद ठेवला. काटा चढला नाही. मग नेमप्लेटवरचं वजन बघून गॅस काट्यावर मोजून भरला. भिंतीतल्या नळीच्या भोकाला पुट्टी लावली, ड्रेन सांडपाण्यातून काढून बाल्कनीत मोकळा सोडला. शेवटी सक्शन १३५, खोली २७, ग्रिल १५. हे आकडे तारखेसह काकूंच्या पावतीवर लिहिले, म्हणजे पुढचा मेकॅनिक कुणीही असो, त्याला तुलना करता येईल.

अशा कामाला जवळजवळ पूर्ण दिवस जातो, आणि आमच्या धंद्यात बहुतेक ठिकाणी पैसे कॉलमागे मिळतात. गॅस भरून निघणारा दिवसाला चार-पाच कॉल उरकतो. मला हा हिशोब खोटा वाटतो. परत आलेल्या तक्रारीला पैसे मिळत नाहीत आणि चिडलेला ग्राहक देखभालीचा वार्षिक करार दुसऱ्याला देतो. आयटीआयमधून नव्याने येणाऱ्या मुलांना मी सांगतो, पहिल्या पगारातून वजनकाटा घ्या, मग मायक्रॉन गेज. बोलणं गोड असायला हवंच, पण ग्राहकाला तुमच्या हातातला आकडा समजला की त्याला भाव पटवून द्यावा लागत नाही.

काकूंच्या मागच्या बेडरूममधला एसी अजून नीट थंड करत होता. त्याचाही ड्रेन त्याच पाइपात होता. तो त्याच दिवशी बाहेर काढला. बेंडवर काळेपणा धरायला लागला होता, पण साबणाच्या पाण्याला फेस आला नाही. दिवाळीच्या आधी पुन्हा तपासायची तारीख त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.