बाटलीतली खाडी

ठाणे खाडीवरच्या मुलुंड-ऐरोली पुलावरून ओहोटीच्या वेळी जाताना जो वास नाकात भरतो, तो सगळाच गटाराचा नसतो. त्यातला सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. आपल्याला तो नकोसा, पण चिखलातल्या कित्येक जिवाणूंचं पोट त्यावर भरतं. हे कसं चालतं ते खिडकीत ठेवलेल्या बाटलीत दिसतं. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाची ही जुनी युक्ती, १८८० च्या दशकातली.

चिखलासाठी कांदळवनात उतरू नका. ते संरक्षित आहे, शिवाय पाय रुतला की निघत नाही. कोळीवाड्यात ओळख असेल तर होडीवरून येताना कुणीही डबाभर चिखल आणि बाटलीभर खाडीचं पाणी आणून देईल. चिखल वरचा करडा नको, वीतभर खालचा काळा हवा.

एक लिटरची पारदर्शक प्लास्टिक बाटली गळ्याखाली कापा. वर्तमानपत्राचं अर्धं पान बारीक फाडून भिजवा, एका अंड्याचं टरफल कुटा आणि दोन्ही साधारण अर्धा किलो चिखलात कालवा. कालवण श्रीखंडाइतकं दाट हवं. बऱ्याच कृतींत उकडलेल्या अंड्याचा बलकही घालतात, गंधकासाठी. गोड्या तळ्याच्या चिखलाला तो लागतो, आपल्याला नाही. समुद्राच्या पाण्यात सल्फेट, म्हणजे गंधकाचं संयुग, भरपूर असतं, त्यामुळे इथे बलक म्हणजे घरात उगाच जादा दुर्गंधी. भरताना बाटली आपटत राहा, हवेचे बुडबुडे निघायला हवेत. वर दोन-तीन सेंटीमीटर पाणी ठेवून प्लास्टिकचा कागद सैल बांधा. घट्ट बांधलात तर आतल्या वायूने तो फुगतो.

बाटली उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. मे महिन्यात ठाण्याच्या पश्चिमेकडच्या खिडकीत ती अक्षरशः शिजते. जागेवरून हलवू नका, फिरवू नका. दुसरी तशीच बाटली काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. तुलनेला ती हवीच, नाहीतर नुसते रंग बघणं होतं.

पहिले काही आठवडे फार काही दिसत नाही, आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच बाटली फेकून देतात. आत मात्र कागदातला सेल्युलोज फोडणारे जिवाणू कामाला लागलेले असतात. त्यांनी टाकलेली आम्लं सल्फेटवर जगणारे जिवाणू खातात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो चिखलातल्या लोहाशी संयोग पावला की काळा रंग चढतो. पाच-सहा आठवड्यांनी काचेसारख्या त्या भिंतीलगत जांभळे, खाली कधी हिरवट डाग उमटतात. हे जिवाणू प्रकाशसंश्लेषण करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, म्हणून ऑक्सिजन सोडत नाहीत. वरच्या पाण्यात नेहमीचं हिरवं शेवाळ. गुंडाळलेल्या बाटलीत काळा रंग येतो, जांभळा-हिरवा नाही. कागदातली ऊर्जा तिथेही वापरली जाते, नवी मात्र येत नाही.

चिखल मधोमध चिरून वर उचलला गेला तर कागद जास्त झाला, वायूने ढकललं. सगळंच पाणी हिरवंगार झालं तर उजेड कमी करा. बाटली उघडायची ती गच्चीत. हा वायू विषारी आहे, मुद्दाम हुंगू नका.

खाडीत कागदाच्या जागी तिवराची गळलेली पानं असतात. खेकडे ती कुरतडतात, उरलेल्याचा फडशा बुरशी आणि जिवाणू पाडतात. बाटलीत कित्येक सेंटीमीटर पसरलेले थर तिथे पृष्ठभागाच्या काही मिलिमीटरमध्ये दाटलेले असतात, कारण चिखलात उजेड त्याहून खाली पोचत नाही. छोटे फ्लेमिंगो (ही पिल्लं नव्हेत, लेसर फ्लेमिंगो ही जात) चोच उलटी करून गाळतात ते याच वरच्या पापुद्र्यातलं सूक्ष्म शेवाळ. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे जातो. १००० कॅलरी शेवाळातून शेवाळ खाणाऱ्याच्या अंगी साधारण १०० लागतात, त्याला खाणाऱ्याच्या १०. छोटा फ्लेमिंगो मधली पायरी गाळून थेट शेवाळावर बसतो, म्हणून ऐरोलीसमोर त्यांचे थवेच्या थवे उतरतात आणि मासे पकडणारी घार मात्र एखाद-दुसरीच दिसते.